बोली एक, अक्षरे दोन

एक, दोन, तीन असे आपण रोज मोजतो. युरोपात रुमानिया नावाचा देश आहे. तिथला धनगर मेंढ्या कशा मोजतो, ते ऐका. दोनाला तो म्हणतो 'दोय', तिनाला 'त्रेय', साताला 'शाप्ते'. दाताला म्हणतो 'दिन्ते'. नवल वाटले ना? आम्हालाही वाटले. पण कारण साधे आहे. आपल्या मराठीचे मूळ संस्कृतात. त्यांच्या भाषेचे मूळ लॅटिनमध्ये. आणि संस्कृत व लॅटिन या फार जुन्या काळच्या बहिणी.

लॅटिन ही रोमची भाषा. रोम तर इटलीत. मग ती इतक्या लांब कशी गेली? इसवी सन 106 मध्ये रोमचा बादशहा ट्राजन याने डॅन्यूब नदीपलीकडचे डेशिया राज्य जिंकले. तिथला राजा डेसिबालस शर्थीने लढला. शेवटी त्याने स्वतःचा जीव दिला, पण तो शत्रूच्या हाती सापडला नाही. पुढे रोमचे शिपाई आणि कुळे तिथेच वसली. दीडशेहून अधिक वर्षांनी रोमची फौज माघारी गेली. बोली मात्र त्या मुलखात आजही आहे. ती डोंगरात टिकून राहिली, की नदीच्या दक्षिणेकडून पुन्हा आली, यावर पंडितांचे अजून भांडण चालते. ते त्यांना करू द्या.

शेजारी सगळे दुसऱ्या भाषांचे. स्लाव लोकांकडून त्यांनी पुष्कळ शब्द घेतले. 'हो' म्हणायचा 'दा' हा शब्दसुद्धा त्यांच्याकडचाच. देवळात आणि दरबारात जुनी स्लाव भाषाच चाले. ती शेतकऱ्याला समजत नसे. त्याची स्वतःची बोली फक्त तोंडात होती. कागदावर तिला कोण विचारतो?

मग आले 1521 साल. किंपुलुंग गावच्या न्याक्शू नावाच्या माणसाने डोंगरापलीकडच्या ब्राशोव शहराच्या मुख्याला एक पत्र लिहिले. बातमी जिवाची होती. तुर्कांचा सुलतान फौज घेऊन निघाला आहे, त्याच्या होड्या डॅन्यूबमधून वर चालल्या आहेत, सावध राहा. ही गोष्ट फार लोकांना कळू देऊ नका, असेही त्याने बजावले. पत्राचा मायना त्याने रिवाजाप्रमाणे स्लाव भाषेत घातला. पण मजकूर घरच्या बोलीत लिहिला. घाईच्या वेळी माणूस दुसऱ्याची भाषा कुठे शोधत बसणार! तारीख नक्की ठाऊक असलेले रुमानियन भाषेतले सर्वांत जुने लिखाण हेच. बातमीही खरी ठरली. त्याच साली सुलतानाने बेलग्रेड घेतले.

हे पत्र आजच्या रुमानियन माणसाला मात्र सहज वाचता येत नाही. त्याची अक्षरे रशियन लिपीसारखी आहेत. आपल्याकडे आजोबांचा मोडी कागद नातवाला लागत नाही, तसेच हे. 1860 च्या सुमारास सरकारने रोमन अक्षरे चालू केली. इंग्रजी लिहितात तीच ही अक्षरे.

पण सगळ्यांना ती लाभली नाहीत. शेजारच्या मोल्दोव्हात हीच बोली बोलतात. दुसऱ्या महायुद्धात तो मुलूख रशियाच्या सोव्हिएत राज्यात गेला. तुमची भाषा वेगळी आहे, असे लोकांना सांगण्यात आले. मुलांना रशियन अक्षरे शिकवली. 1989 च्या ऑगस्टमध्ये राजधानीत लोकांची अफाट गर्दी जमली आणि 31 तारखेला रोमन अक्षरे परत मिळाली. 2023 साली तिथल्या कायद्याने भाषेचे नावही रुमानियन ठरवले.

याच मोल्दोव्हात निस्टर नदीकाठी एक पट्टा वेगळ्या अंमलाखाली आहे. तिथे रशियन अक्षरेच चालवली गेली. 2004 साली तिथल्या अंमलदारांनी रोमन अक्षरे शिकवणाऱ्या शाळा बंद करायला पोलीस पाठवले. रिबनित्सा गावी आईबाप, शिक्षक आणि मुले रात्रंदिवस शाळेत पहारा देत बसली. पोलिसांनी आत शिरून त्यांना बाहेर काढले. लोक न्यायालयात गेले. 2012 साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की या मुलांच्या शिक्षणाचा हक्क मोडला गेला.