कर्ज कोणाच्या नावावर? नेदरलँड्समधील उच्च शिक्षण आणि आपली कुटुंबे

(व्याख्यानमालेतील ध्वनिमुद्रित भाषणाचे शब्दांकन. वक्त्या निवृत्त परिचारिका आहेत.)



शिक्षणकर्जावर एका परिचारिकेने का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. कारण साधे आहे. नातवंडांच्या कर्जाचे कागद पुष्कळदा आम्हा वृद्धांच्या समोर सहीसाठी येतात आणि गहाण पडते ते आमचेच घर. अ‍ॅम्स्टेलवेन, आइंडहोव्हेन या शहरांत आता बरीच भारतीय कुटुंबे वसली आहेत, आणि येथूनही मुले डेल्फ्ट, वाखेनिंगेन, लायडन येथे शिकावयास जातात. एकाच वर्गात, एकाच बाकावर दोन मराठी मुले बसतात. पण एकाचे कर्ज आणि दुसऱ्याचे कर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो फरक आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम तेथील नागरिकत्व असलेल्या किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या मुलांविषयी. इतर प्रकारच्या परवान्यांवर राहणाऱ्यांनी आपला हक्क गृहीत न धरता लेखी उत्तर मागवावे. डच सरकारचे विद्यार्थी-अर्थसाहाय्य ‘डुओ’ हे खाते चालवते. त्याचे मुख्य कार्यालय ग्रोनिंगेन येथे आहे. या साहाय्याचे चार भाग आहेत : सर्वांना मिळणारे मूलभूत अनुदान, आईवडिलांच्या उत्पन्नानुसार मिळणारे पूरक अनुदान, बस-रेल्वेचा प्रवासपास, आणि ज्याला हवे त्याला कर्ज. विद्यापीठाची सरकारमान्य फी 2025-26 या वर्षासाठी 2,601 युरो होती. तेवढ्या फीपुरते वेगळे कर्जही मिळते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. उच्च शिक्षणासाठी मिळणारे मूलभूत अनुदान आणि प्रवासपास ही पहिल्या दिवसापासून देणगी नसते. दहा वर्षांच्या आत पदविका किंवा पदवी हाती आली तर ती देणगी ठरते. न आली तर तीच रक्कम कर्ज बनते. म्हणून मुलाने विषय बदलला, वर्ष गमावले, आजारी पडला, तर घरच्यांनी ‘सरकार देते आहे’ म्हणून निश्चिंत राहू नये. आजारपण किंवा अपंगत्व असेल तर मुदतवाढ मागता येते; पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. वैद्यकीय कागद त्या-त्या वेळी जपून ठेवावेत, हे मी माझ्या व्यवसायाच्या अनुभवाने सांगते.

आता या व्यवस्थेचा अलीकडचा इतिहास पाहू, कारण त्यात मोठा धडा आहे. सप्टेंबर 2015 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठीय मूलभूत अनुदान बंद झाले. त्या पिढीला सांगण्यात आले की कर्ज घ्या, अटी सौम्य आहेत. 2017 ते 2022 या काळात व्याजदर खरोखरच शून्य होता. मग 2023 मध्ये तो 0.46 टक्के झाला, 2024 मध्ये 2.56 आणि 2025 मध्ये 2.57 टक्के. समजा, कोणा मुलीचे वीस हजार युरो कर्ज आहे. 2023 च्या दराने वर्षाचे व्याज 92 युरो. पुढच्याच वर्षीच्या दराने 512 युरो. कर्ज तेच, सही तीच. व्याज पाचपटीहून अधिक. सप्टेंबर 2023 मध्ये मूलभूत अनुदान परत आले; पण मधल्या पिढीला भरपाई म्हणून मिळाले ते चार वर्षांच्या शिक्षणासाठी सुमारे 1,436 युरो. तेथे या पिढीला ‘दुर्दैवी पिढी’ म्हणतात.

धडा असा की, शून्य व्याज हे वचन नसते, ती त्या वर्षाची स्थिती असते. शिक्षण चालू असताना दर प्रत्येक जानेवारीत बदलू शकतो, आणि व्याज पहिल्या महिन्यापासून चढू लागते. डुओचे कर्ज दरमहा कमी-जास्त करता येते, थांबवता येते. जेवढे हवे तेवढेच घ्यावे. मिळते म्हणून कमाल रकमेवर खूण करू नये. औषध स्वस्त मिळाले म्हणून आपण दुप्पट मात्रा घेत नाही.

तरीही या कर्जाचे गुण मान्य केले पाहिजेत. शिक्षण संपल्यावर सुमारे दोन वर्षे सवड मिळते आणि नंतर 35 वर्षांत फेड करावयाची असते. किमान वेतनापेक्षा जे उत्पन्न अधिक, त्याच्या चार टक्क्यांहून जास्त हप्ता मागितला जात नाही. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीचे उत्पन्न किमान वेतनाहून वर्षाला दहा हजार युरोंनी जास्त असेल, तर वर्षाला चारशे, म्हणजे महिन्याला सुमारे 33 युरो. शिवाय एकूण 60 महिने हप्ता थांबवता येतो. मुदतीअखेर उरलेली रक्कम माफ होते आणि ऋणकोच्या मृत्यूबरोबर कर्ज संपते. ते विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर असते. आईवडिलांची सही नाही, घर गहाण नाही.

दोन इशारे मात्र द्यावयाचे आहेत. पहिला : घर घेण्यासाठी बँकेकडे गेल्यावर हे कर्ज सांगावे लागते आणि तितक्या प्रमाणात गृहकर्ज कमी मिळते. दुसरा : देश सोडला म्हणून देणे संपत नाही. आलिया करून इस्राएलला गेले किंवा भारतात परतले तरी हप्ते चालू राहतात. पत्ता कळवला पाहिजे आणि उत्पन्न कमी असेल तर तसे पुरावे आपण होऊन पाठवले पाहिजेत.

पत्त्यावरून आणखी एक गोष्ट. घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यास अनुदान अधिक मिळते आणि त्याची तपासणी होते. या तपासणीत परदेशी मूळ असलेल्या विद्यार्थ्यांवर विनाकारण अधिक संशय घेतला गेला, हे उघड झाल्यावर 2024 मध्ये शिक्षणमंत्र्यांनी माफी मागितली. अन्याय मान्य झाला, हे चांगलेच. पण भाड्याचा करार आणि नगरपालिकेतील नोंद मुलांनी पहिल्या दिवसापासून चोख ठेवावी.

आता दुसरा विद्यार्थी : मुंबई, ठाणे, पुणे येथून केवळ शिक्षणाच्या परवान्यावर गेलेला. त्याला डुओचे अनुदानही नाही आणि कर्जही नाही. त्याची फी युरोपीय विद्यार्थ्याच्या कितीतरी पट, बहुधा वर्षाला दहा हजार युरोंहून बरीच अधिक. तेथे काम करावयाचे तर आठवड्याला 16 तास, किंवा फक्त जून, जुलै, ऑगस्टमध्ये पूर्ण वेळ. तेही मालकाने परवाना काढला तर. नोकरी शोधण्यास पदवीनंतर एक वर्षाचा परवाना मिळतो. ‘तिथे काम करून फी भागवेन’ हे वाक्य म्हणूनच आईवडिलांनी हिशेबात धरू नये.

राहता राहते भारतातील बँकेचे कर्ज. बँकांच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांवरील कर्जाला तारण लागते आणि आईवडील सहऋणको असतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज थांबत नाही, ते शेवटी मुद्दलात मिळवले जाते. समजा, तीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले, तर केवळ व्याज महिन्याला पंचवीस हजार रुपये. मुलाला नोकरी उशिरा लागली किंवा तो आजारी पडला, तर येथे चार टक्क्यांची मर्यादा नाही. बँक सहऋणकोच्या दाराशी येते, आणि तो सहऋणको म्हणजे निवृत्तिवेतनावर जगणारे कोणी आईबाप.

मग मुलांना पाठवू नये काय? तसे मी म्हणणार नाही. ऋण काढून सण करू नये हे खरे. पण शिक्षण म्हणजे सण नव्हे. मात्र कर्जाच्या आधी अन्य वाटा चाचपाव्यात. युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी एकदाच पाच हजार युरोंची ‘एनएल स्कॉलरशिप’ मिळू शकते. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. तेथे चौकशी केल्याशिवाय बँकेची पायरी चढू नये.

नेदरलँड्समध्येच राहणाऱ्या मुलांसाठी आणखी एक मार्ग आहे, आणि तो माझ्या व्यवसायाचा. तेथे रुग्णपरिचर्येचे शिक्षण नोकरी करीत घेता येते : बहुतेक दिवस रुग्णालयात पगारी काम आणि एखादा दिवस शाळा. या मार्गाला डुओचे अनुदान नसते, पण वेतन असते. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आपल्याला परकी नाही. आमच्या काळात आम्हीही विद्यावेतनावर शिकलो. रक्कम तुटपुंजी होती, पण पदविका हाती आली तेव्हा डोक्यावर देणे नव्हते.

शेवटी समाज म्हणून आपल्याविषयी. गरजू बांधवाला बिनव्याजी उसने द्यावे, ही तोरेची आज्ञा आहे. माणूस स्वतःच्या पायावर उभा राहील अशा मदतीला, त्यात कर्जालाही, रांबाम यांनी दानाच्या सर्वोच्च पायरीवर ठेवले आहे. आपल्या निधीतून तीस लाख देता येणार नाहीत. पण परवान्याचे शुल्क, विमानाचे तिकीट, खोलीची अनामत यांसाठी छोटी बिनव्याजी रक्कम देता येईल. कार्यकारी मंडळाने यावर विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

आणि घरोघरी सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. कर्ज कोणाच्या नावावर? व्याज कोणत्या दिवसापासून आणि दर बदलू शकतो काय? हप्ता उत्पन्नावर ठरतो की रकमेवर? शिक्षण अपुरे राहिले तर काय? आणि मूल आजारी पडले तर फेडणार कोण? पाचही उत्तरे लेखी मिळाल्यावर मुलाला आनंदाने आशीर्वाद द्यावा. एखादे उत्तर मिळत नसेल, तर सही उद्यावर ढकलण्यात संकोच मानू नये.

शालोम.