फांद्यांचे यंत्र घेता? आधी मिस्त्री कोण ते ठरवा



मोर्शी-वरूड पट्ट्यात आंबिया बहाराचा संत्रा तोडून झाला, की बगीच्यात सल काढायचे काम निघते. वाळक्या फांद्या, पाणसोट, रोगट डगाळ्या यांचे ढीग धुऱ्यावर लागतात. थोडे चुलीला जाते, बाकीच्याला काडी लागते. तिकडे वावरात कपाशी संपली, की पऱ्हाटीचेही तेच.

आता विचार करा. आपल्या दोन्ही तालुक्यांत जमिनीतले पाणी भरण्यापेक्षा उपसणे जास्त आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात बोअर आटले आणि उभे बगीचे वाळले, ते कोणी विसरलेले नाही. झाडाखाली पसरले तर ओल धरून ठेवील असे आच्छादन आपण आपल्याच हाताने जाळतो. म्हणूनच अलीकडे बरेच कास्तकार फांद्या बारीक करणाऱ्या यंत्राची चौकशी करू लागले आहेत. चौकशी चांगली आहे. पण यंत्र आणणे सोपे आणि ते चालते ठेवणे अवघड. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या.

यंत्र कोणते?

दुकानदार सगळ्यालाच 'श्रेडर' म्हणतो, पण त्यात तीन प्रकार आहेत. पहिले आपले ओळखीचे कडबा कुट्टी यंत्र. ते वैरणीसाठी आहे; त्यात संत्र्याची फांदी घालणे म्हणजे पाते मोडून घेणे. दुसरे ट्रॅक्टरमागे जोडायचे, उभ्या पऱ्हाटीचा चुरा करत जाणारे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी खाल्ली, त्यानंतर त्याची मागणी वाढली. कारण अळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत राहते. तिसरे खरे फांद्यांचे यंत्र, म्हणजे चिपर. यात जड चाकावर धारदार पाती बसवलेली असतात आणि समोर एक स्थिर पाते असते. फांदी दोहोंच्या मध्ये कापली जाते.

पऱ्हाटीसाठी दुसरे, बगीच्यासाठी तिसरे. एकच यंत्र सगळे करील असे कोणी सांगितले, तर त्याच्यासमोरच तुमच्या बगीच्यातली फांदी घालून पाहा. संत्र्याचे लाकूड कडक असते. दुकानदार दाखवताना हिरवी सुबाभूळ घालतो आणि यंत्र लोण्यासारखे चालते. तुम्ही वाळलेली सल घेऊन जा. 'तीन इंचांपर्यंत चालते' म्हणत असेल तर वाळली तीन इंची फांदी घाला. ट्रॅक्टरचा आवाज बसतो का, फांदी अडकते का, ते बघा.

आधी हिशेब, मग खरेदी

समजा, यंत्र दीड लाखाचे आहे आणि दहा वर्षे चालले. म्हणजे वर्षाला पंधरा हजारांची झीज झाली. व्याज, डिझेल, दुरुस्ती वेगळी. तुमचा पाच एकर बगीचा असेल आणि वर्षात वीसच तास काम निघाले, तर नुसत्या झिजेचे तासाला ७५० रुपये पडतात. तेच यंत्र पाच-सात जणांनी मिळून घेतले आणि दीडशे तास चालवले, तर १०० रुपये. एकट्याने घेतलेले यंत्र गोठ्यात गंजत राहिले, की लाखाचे बारा हजार व्हायला वेळ लागत नाही.

अनुदान घ्यायचे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हाती येईपर्यंत खरेदी करू नका. कृषी यांत्रिकीकरण योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के असा साधारण नियम आहे. पण त्याला कमाल मर्यादा असते. यंत्राचा तपासणी अहवाल आहे का, हेही विचारा. नेमके आकडे तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून घ्या, दुकानदाराच्या तोंडून नको.

दुकानात रंग पाहू नका, हे पाहा

एक, तुमच्या ट्रॅक्टरची ताकद. यंत्राला किती एच.पी. लागतात आणि पीटीओचे किती फेरे, हे पाटीवर लिहिलेले असते. बहुतेकांना मिनिटाला ५४० फेरे लागतात. लहान ट्रॅक्टरला मोठे यंत्र जोडले, की ट्रॅक्टरही जातो आणि यंत्रही.

दोन, सुटे भाग. पात्यांचा एक जादा संच, पट्टे, बेअरिंगचे नंबर हे सगळे खरेदीच्या दिवशीच घ्या. नंतर 'मागवून देतो' म्हणतात आणि हंगाम निघून जातो.

तीन, मिस्त्री. मोर्शीत, वरुडात किंवा अमरावतीत हे यंत्र कोण उघडतो, कोण पाती घासून देतो, त्याला आधी भेटा. बेअरिंग बाजारात मिळणारे आहे की कंपनीचेच लागते, हे तोच सांगेल. तो 'हे माल नाही जमत' म्हणाला, तर ते यंत्र घेऊ नका.

चार, झाकणे. पीटीओच्या दांड्यावर झाकण हवे. फांदी घालायचे तोंड इतके लांब हवे, की हात पातीपर्यंत पोचूच नये.

रोजची देखभाल

चिपरचा जीव धारेत आहे. धार चांगली असेल तर स्वच्छ तुकडे पडतात. धार गेली की भुसा पडतो, नाही तर दोरीसारखे धागे निघतात, डिझेल जास्त लागते आणि बेअरिंग तापतात. हे दिसले, की काम थांबवा.

पाती मूळच्या कोनातच घासा. घासताना वरचेवर पाण्याने थंड करा. लोखंड निळे पडले, की पात्याचे पाणी उतरले. मग ती धार दोन तासही टिकत नाही. समोरासमोरची पाती वजनाने सारखी हवीत. एकच नवे घातले, तर चाक हादरते आणि बेअरिंग बसते. बदलायची तर जोडीने. पाती बसवल्यावर स्थिर पात्यापासूनचे अंतर पुस्तकाप्रमाणे ठेवा. ते बहुधा एक-दोन मिलीमीटरचे असते. चाक हाताने, लाकडाच्या दांड्याने सावकाश एक फेरा फिरवून घासत नाही याची खात्री करा. पात्याचे बोल्ट साध्या दुकानातले नकोत. डोक्यावर ताकदीचा आकडा असलेले, कंपनीने सांगितलेलेच हवेत.

पीटीओच्या क्रॉसला रोज ग्रीस द्या. बेअरिंगला मात्र बेताने. जास्त ग्रीसनेही बेअरिंग तापते. पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. ढिला असेल तर घसरतो, जळल्यासारखा वास येतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरची जाळी दर दोन तासांनी साफ करा, कारण चुरा तिथेच जाऊन बसतो.

दांड्यातला सुरक्षा बोल्ट वारंवार तुटतो म्हणून काही जण तिथे जाड बोल्ट घालतात. तसे करू नका. तो तुटावा म्हणूनच ठेवलेला आहे. तो तुटला नाही, तर गिअर तुटतो.

आपल्याकडे आणखी एक खास शत्रू आहे, तार. फळांनी लदलेल्या फांद्यांना आपण बांबूचे टेकू देतो आणि तारेने बांधतो. ती तार, ठिबकच्या नळीचे तुकडे, बुडाला चिकटलेली माती-गोटे, हे सगळे ढिगातून आधी वेचा. एक तार सगळी धार घालवते.

हात आत नको

हे वाचल्याशिवाय पान उलटू नका. चिपर फांदी ओढतो, तसाच हातही ओढतो; सोडवायला वेळ मिळत नाही. फांदीचा बुडखा आधी घाला, बाजूला उभे राहा आणि फांदीने पकड घेतली की सोडून द्या. आखूड तुकडे हाताने ढकलू नका. लाकडाच्या काठीने किंवा दुसऱ्या फांदीने ढकला. साडीचा पदर, ओढणी, दुपट्टा, ढिली बाही पक्की खोचलेली हवी. डोळ्यांना चष्मा हवा. पोरासोरांना जवळ येऊ देऊ नका.

यंत्र अडकले तर पीटीओ बंद, ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात. चाक जड असते, बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावरच झाकण उघडा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत (२०२३) मृत्यू झाल्यास २ लाख आणि एक हात निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. तुमच्याकडे रोजाने येणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. त्याचा हात गेला, तर त्याचे घर कोण चालवणार? यंत्राची किंमत ठरवताना हेही मोजा आणि त्याचा अपघात विमा काढा.

चुऱ्याचे काय कराल?

चुरा झाडाखाली तीन-चार इंच जाड पसरा, पण बुंध्यापासून एक-दीड फूट दूर. बुंध्याला ओल टेकली, की डिंक्याला आमंत्रण मिळते. ताजा चुरा मातीत मिसळू नका. कुजताना तो जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि झाड पिवळे पडते. डिंक्याने मेलेल्या झाडाची खोडे-मुळे यंत्रात घालू नका. ती बगीच्याबाहेरच न्या. छाटलेल्या जागी बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावायला विसरू नका.

गावाने काय करावे?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. वादळात रस्त्यावर पडलेल्या, विजेच्या तारांखालच्या छाटलेल्या फांद्या गावातही पडून असतात. शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीने यंत्र घ्यावे, एकच शिकलेला चालक ठेवावा, तासाचे भाडे ठरवावे आणि त्यातला ठरावीक हिस्सा पाती व बेअरिंगसाठी वेगळा टाकावा. यंत्रासोबत एक वही ठेवा. किती तास चालले, धार कधी लावली, ग्रीस कधी दिले, हे त्यात लिहा. सगळ्यांचे म्हणून कोणाचेच नाही, असे झाले की सार्वजनिक यंत्र एका हंगामात भंगारात जाते. वही असली, म्हणजे विचारायला जागा राहते.

येत्या हंगामात धुऱ्यावरच्या ढिगाला काडी लावण्याआधी शेजारच्या चार कास्तकारांना घेऊन बसा, आपले तास मोजा आणि मग मिस्त्रीकडे जा. दुकान सगळ्यात शेवटी.