मालकीपत्राने गेलेली जमीन

परक्यांची भूमी शस्त्रबळाने घेणे हा साम्राज्यविस्ताराचा परिचित मार्ग. न्यूझीलंडमध्येही तो अवलंबिला गेला. १८६३ च्या कायद्यान्वये बंडखोर ठरविलेल्या माओरी टोळ्यांच्या जमिनी जप्त झाल्या. परंतु त्याहून अधिक जमीन गेली ती न्यायालयाने रीतसर मालकीपत्र दिल्यामुळे.

६ फेब्रुवारी १८४० च्या वैतांगी तहाने ब्रिटिश राजसत्तेने माओरींना त्यांच्या जमिनीच्या निर्वेध उपभोगाची हमी दिली होती. ही जमीन कोणा एकाची नव्हती. कोणी तीत रताळी लावी, कोणी पक्षी धरी, कोणी ओढ्यातील मासे. हक्क अनेकांचे, अधिकार कुळाचा. वसाहतवाल्यांपुढे प्रश्न होता, अशी जमीन विकत घ्यावी कोणाकडून?

१८६५ च्या कायद्याखाली नेटिव्ह लँड कोर्टाने त्याचे उत्तर दिले. मोठी जमीन टोळीच्या नावे लावण्याची सोय कायद्यात होती. न्यायालयाने ती क्वचितच वापरली. मालकीपत्रावर दहांहून अधिक नावे येत नसत. कुळाच्या लेखी हे दहाजण विश्वस्त, कायद्याच्या लेखी पूर्ण मालक. उरलेले शेकडो आपल्याच भूमीवर उपरे ठरले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. माओरींना तेवढीही मुभा नव्हती. एकाने अर्ज केला की इतरांना हजर राहणे भाग. गैरहजर राहिल्यास हक्क बुडे. सुनावणी दूरच्या गावी, तीही लांबत जाणारी. मोजणीची फी, वकील, राहण्याखाण्याचा खर्च, दुकानदाराची उधारी, आणि हे सारे फेडायचे ते ज्या जमिनीसाठी दावा लढविला तीच विकून! हेरेटाउंगा येथील हजारो एकरांची सुपीक जमीन अशाच दहा नावांवर चढली आणि कर्जापायी काही वर्षांत विकली गेली. आज तिच्यावर हेस्टिंग्ज शहर उभे आहे.

वैयक्तिक मालकीमुळे जमीन कार्यक्षम हातांत जाते, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. विकणारा कर्जात बुडालेला आणि बाजाराचे नियम घेणाऱ्याने केलेले असतील, तर हे विधान कितपत टिकते?

१९७५ मध्ये ७९ वर्षांच्या व्हिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली माओरींनी संसदेवर पदयात्रा नेली. त्याच वर्षी वैतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले. १८४० पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार त्याला १९८५ मध्ये मिळाला. आज देशातील सुमारे ५ टक्के जमीन माओरी जमीन म्हणून उरली आहे. खासगी मालकीची झालेली जमीन परत करण्याची शिफारस मात्र १९९३ च्या दुरुस्तीनंतर न्यायाधिकरणाला सामान्यतः करता येत नाही.