विहिरीला विचारलेला प्रश्न

बीड शहराजवळ खजाना विहीर आहे. १६ व्या शतकात, निजामशाहीच्या काळात, सलाबतखानाने ती बांधून घेतली. दुष्काळातही ही विहीर आटत नाही, असे लोक सांगतात. मग जिल्ह्यातील इतर कितीतरी विहिरी उन्हाळ्यात कोरड्या का पडतात? पाणी नसले की शेत पडीक राहते आणि घराला कुलूप लावून ऊसतोडीला जावे लागते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधणे गरजेचे आहे.

आपल्या भागात मातीखाली काळा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या, ठिसूळ थरांत साठते. जिला भेग लाभते, त्या विहिरीला पाणी असते. शेजारची मात्र कोरडी राहते. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची पातळी मोजली, की जमिनीत किती पाणी मुरले याचा अंदाज येतो. अशा मोजमापातून उत्तर शोधणे म्हणजे संशोधन.

हे शिकण्याची सोय जवळच आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. कृषी पदवीनंतर तेथे दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. विद्यार्थी आधी वर्गात शिकतो. मग एक प्रश्न निवडतो, मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली प्रयोग व नोंदी करतो आणि प्रबंध लिहितो. त्यात ऐकीव गोष्टीला स्थान नसते. प्रत्येक विधानाला पुरावा द्यावा लागतो.

मुलांनो, मुलींनो, सुरुवात आजही करता येईल. वडीलधाऱ्यांना सोबत घ्या, जवळच्या विहिरीची पातळी दरमहा मोजा आणि तारखेसह वहीत लिहा.