बघायला येऊ नये

दिवाळीनंतर आमच्या लिफ्टमध्ये एक कागद लागला. 'मांजर हरवली आहे. नाव चिंगी. रंग पांढरा, पाठीवर तपकिरी ठिपके.' डोंबिवलीत असे कागद नवे नाहीत. जाता-येता वाचायचो आणि विसरायचो. बाराव्या दिवशी त्याच्याखाली दुसरा कागद आला, वहीचं पान, शाळकरी अक्षर. 'चिंगी सापडली आहे. कृपया बघायला येऊ नये.'

आनंदाच्या बातमीला ही ताकीद कशाला जोडली असेल? राहवेना, म्हणून येऊ नये लिहिलेलं असूनही मी तिसऱ्या मजल्यावर गेलो.

दार उघडणाऱ्या बाई त्या घरच्या नव्हत्या. साठी उलटलेल्या, दोन्ही हातांवर जुन्या ओरखड्यांच्या पांढऱ्या रेघा. ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला आत घेतलं. दोन गल्ल्या सोडून राहतात, पूर्वी टपाल खात्यात होत्या. परत आलेलं मांजर घरात रुळेना की लोक त्यांना बोलावतात. सगळे काकू म्हणतात, मीही म्हणू लागलो. पैसे घेत नाहीत. अट एकच, त्या 'नको' म्हणतील ते करायचं नाही. आणि त्या फार वेळा 'नको' म्हणतात.

चिंगी गेली ती लक्ष्मीपूजनाच्या रात्री. पाहुण्यांसाठी दार उघडं होतं, खाली फटाक्यांची लांबलचक माळ लागली आणि ती जिन्यावरून सुसाट सुटली. घरच्यांनी स्टेशनपर्यंतचा रस्ता पालथा घातला. प्रत्यक्षात ती होती आमच्याच पंपाच्या खोलीमागे, फळ्यांच्या ढिगात, जिन्यापासून चाळीस पावलांवर. काकूंना याचं नवल नव्हतं. "घरातली मांजर लांब जात नाही. दडते. तुम्ही हाक मारत समोरून गेलात तरी ओ देत नाही." पुढे मी वाचलं, तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाराशेहून अधिक हरवलेल्या मांजरांची माहिती होती. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं, जिथून गेली तिथून पाचशे मीटरच्या आतच मिळाली होती.

बाहेर काढलं ते त्या घरच्या आजींनी. त्या दिवशी कार्तिकी एकादशी. रात्री दीड वाजता, सोसायटी चिडीचूप झाल्यावर, आजींनी सुकट भाजली आणि ताटली घेऊन पंपाच्या खोलीपाशी जाऊन बसल्या. एकादशीला सुकट? "बारा वाजून गेले होते," आजी मला म्हणाल्या, "तारीख बदलली होती."

गोष्ट इथे संपली असं घरच्यांना वाटलं. उलट ती इथून सुरू झाली. वर आणल्यावर चिंगी घरातल्या मुलीवर फिस्कारली आणि कपाटामागे शिरली. बारा वर्षांच्या त्या मुलीनेच तिला ड्रॉपरने दूध पाजून वाढवलेलं. "आम्हाला ओळखतच नाही ती," वडील म्हणाले. डॉक्टरांनी तपासलं, पंज्याच्या जखमेला औषध दिलं, पाऊण किलो वजन उतरल्याचं सांगितलं. आणि मग कुणीतरी काकूंचा नंबर दिला.

"अकरा दिवस बाहेर होती ना? तिप्पट धरा," काकू म्हणाल्या. "तेहेतीस."

हा हिशेब कुठला, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

एक छोटी खोली रिकामी केली, पलंगाखालची जागा बंद केली, एका कोपऱ्यात मातीचा ट्रे, दुसऱ्यात पाणी. मधे आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं. मला ते खोकं पोरकट वाटलं होतं. पण नेदरलँड्समध्ये २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर हेच करून पाहिलं गेलं होतं. ज्यांना लपायला खोकं मिळालं, त्यांच्यावरचा ताण पहिल्या काही दिवसांत लवकर उतरला. लपायची सोय असली की बाहेर यायची हिंमत होते, एवढंच.

माझ्या डोक्यातून मात्र जो जात नाही तो वास. त्या घरात शिरताच फिनाईल नाकात जायचं. दिवाळीची साफसफाई दणक्यात झाली होती. पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं, सगळं धुतलं होतं, बैठकीच्या खोलीला नवा रंग काढला होता. वर चिंगी परत येणार म्हणून आईंनी पुन्हा फरशी पुसली होती. काकू दारातच थबकल्या म्हणे. "हे घर तुमचं आहे, हे तिला कसं कळावं?" मांजर घर ओळखतं ते बरंचसं नाकाने. येता-जाता गाल घासून दारांच्या चौकटींवर, खुर्च्यांच्या पायांवर तिने आपला वास वर्षानुवर्षं लावून ठेवलेला असतो. इथे तो सगळा पुसला गेला होता. घाबरलेली मांजर परत आली ती एका अनोळखी घरात. त्यातून फिनाईलसारखी औषधं मांजराला विषारी. पंज्याला लागतात, पंजा चाटला की पोटात जातात. फिनाईलची बाटली त्याच दिवशी घराबाहेर गेली.

न धुतलेलं काय उरलंय, याचा शोध सुरू झाला. सापडली ती आजींची गोधडी, जुन्या पातळांची. वॉशिंग मशीनमध्ये मावत नाही म्हणून माळ्यावर टाकलेली. मी ती हातात घेऊन पाहिली. खोबरेल तेल, धूळ आणि मांजराचे केस, असा तिचा वास. आईंना ती खोलीत ठेवायची लाज वाटत होती. काकूंनी घडी मोडली आणि अर्धी खोक्यात, अर्धी बाहेर अशी पसरली. पहिल्या रात्री चिंगीने खाल्लं नाही, पण सकाळी गोधडीवर खळगा पडलेला होता.

खाण्याबद्दल शेजाऱ्यांचे सल्ले होतेच. उपाशी ठेवा, मग येईल हाताला. काकू एवढ्या एकाच वेळी चिडलेल्या मी पाहिल्या. मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिलं तर यकृतात चरबी साठू लागते आणि जिवावर बेतू शकतं. दूधही नको. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही. कोंबडीचं अळणी सूप आणि वर चिमूटभर भाजलेली सुकट. कांदा-लसूण अजिबात नाही. ताटली ठेवायची आणि मागे न बघता निघायचं.

मग बसणं. वीस मिनिटं, दिवसातून तीनदा, मांजराकडे पाठ करून. मुलीने इतिहासाचं पुस्तक आणलं आणि भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्याने वाचू लागली. दाराच्या फटीतून मी बघत होतो. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, खोक्यातला एक कान वळला. एवढंच घडलं. त्या दिवसाचं काम झालं, असं काकू म्हणाल्या.

बघायचंच असेल तर रोखून बघायचं नाही. डोळे अर्धे मिटायचे, सावकाश, पुन्हा उघडायचे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० साली हे तपासलं आहे. माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरही बहुधा तसंच उत्तर देतं आणि त्या माणसाच्या हाताजवळ यायला अधिक राजी असतं. आपण मात्र डोळे मिटून दूध पिणारं मांजर लबाड ठरवून म्हणही करून टाकली आहे. खरं तर समोरच्याचा भरवसा वाटल्याशिवाय मांजर सहसा असे सावकाश डोळे मिटत नाही.

तुळशीच्या लग्नांचे फटाके सुरू झाले आणि सगळं मागे गेलं. पाचव्या दिवशी वडिलांचा धीर सुटला. त्यांनी खोक्यात हात घालून तिला ओढायला पाहिलं. मनगटात दात रुतले. काकूंनी त्यांना बेसिनपाशी उभं करून घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवायला लावली आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात पाठवलं. वडिलांचा राग यायला हवा होता, पण मला त्यांची दया आली. प्रेमच करायला गेले होते बिचारे. त्यात फक्त घाई होती.

"आता मोजणी पुन्हा पहिल्यापासून?" मी विचारलं.

"मोजणी चालूच. तेहेतीस."

एकोणिसाव्या दिवशी मुलगी वाचत होती. चिंगी खोक्यातून निघाली, भिंतीच्या कडेने अंग चोरत आली आणि मुलीच्या मोज्यावर तिने गाल घासला. एकदा, मग दुसऱ्या बाजूचा. पुसून टाकलेला वास ती पुन्हा लावत होती. मुलीच्या डोळ्यांतून पाणी पुस्तकावर पडलं, पण हात मांडीवरून हलला नाही. इतकी संयमाची बारा वर्षांची पोर मी पाहिलेली नाही.

सव्विसाव्या दिवशी चिंगी आजींच्या मांडीवर झोपली. म्हणजे तेहेतीसचा हिशेब चुकला की, मी काकूंना चिडवलं. त्या हसल्या. "तिला कुठे मोजता येतं? आकडा तुमच्यासाठी होता. 'धीर धरा' म्हटलं तर लोक दोन दिवस धरतात."

दारावरची घंटा वाजली की चिंगी अजून खोक्यात पळते. काही मांजरांचं तेवढं राहूनच जातं, म्हणतात काकू. खोकं हलवायचं नाही असं घरात ठरलं आहे. लिफ्टमधले दोन्ही कागद मात्र मुलीने काढले.

येत्या दिवाळीत घर धुवायला काढाल तेव्हा मांजराचं अंथरूण तेवढं न धुता राहू द्या. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार उघडण्याआधी मांजर कुठल्या खोलीत आहे ते बघा, त्या खोलीची कडी लावा.