दानपारमिता आणि पूरग्रस्तांची दप्तरे

आपत्ती कोसळली की समाजात मदतीचा ओघ सुरू होतो. ही माणुसकीची खूण खरी. परंतु मदत कोणाला आणि कोणत्या रीतीने करावी, हा विचार त्या घाईत मागे पडतो. आपद्ग्रस्त विद्यार्थी असेल तर तो विचार अधिकच आवश्यक ठरतो. हा धडा आम्हां शिक्षकांना आमच्याच विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीने दिला. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची नोंद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. त्या वेळी पाणी 57 फुटांवर गेले. नदीकाठची गावेच्या गावे पाण्याने वेढली. शाळा सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नवी पुस्तके, वह्या, गणवेश सारे चिखलात गेले. आमची ही विद्यार्थिनी तेव्हा कोल्हापुरात पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. तिचा फोन आला, तेव्हा आम्ही वसतिगृहात जुने कपडे गोळा करीत होतो. ती म्हणाली, "सर, कपडे पाठवू नका. इथे रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडलेत. मला दोन दिवस द्या, मी यादी पाठवते."

त्या यादीत इयत्ता, माध्यम आणि विद्यार्थिसंख्या यांचे स्वतंत्र रकाने होते. पहिली ते आठवीच्या मुलांना शासकीय योजनेतून पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. नववीपासून ती विकत घ्यावी लागतात. म्हणून तिने नववी-दहावीच्या पुस्तकांना अग्रक्रम दिला होता. त्यापुढे वह्या, कंपासपेटी, दप्तर आणि मुलींसाठी सॅनिटरी पॅड. शेवटचा रकाना आम्हांला सुचलाही नसता. तो कागदपत्रांचा होता. भिजून गेलेला शाळेचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला पुन्हा मिळवला नाही, तर पुढील वर्षीचा प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही अडतात. दाखल्याची दुसरी प्रत शाळेच्या जनरल रजिस्टरवरून, गुणपत्रिकेची विभागीय मंडळाकडून आणि जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून काढावा लागतो. तिने महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना अर्ज भरून देण्यासाठी गावोगावी बसविले. या कामाला पैसा थोडा आणि वेळ फार लागतो. तरुणांपाशी नेमका तोच असतो.

एका गावी मात्र यादी अपुरी निघाली. यादी तयार झाली त्या दिवशी नदीलगतच्या वस्तीतील कुटुंबे दुसऱ्या निवारा केंद्रात होती. मुले शाळेत आली नव्हती, म्हणून त्यांची नावेही आली नाहीत. ती आपली वस्ती होती, हे वेगळे सांगावयास नको. ती स्वतः त्या केंद्रात गेली आणि एकेक नाव लिहून घेतले. इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्हांला हा प्रकार अपरिचित नाही. ज्यांची नोंद झाली नाही, त्यांना इतिहासाने वगळले. मदतीची यादीही तशीच वगळू शकते. म्हणून यादी हाती आली की पहिला प्रश्न विचारावा : यात कोण नाही?

दुसरी गोष्ट सन्मानाची. त्याच परिसरात एका वाटपाच्या वेळी मुलांना फलकासमोर ओळीत उभे करून छायाचित्रे काढली गेली. दहावीतील एका मुलाने मान खाली घातली आणि वही न घेताच तो निघून गेला. ते पाहिल्यावर तिने साहित्य थेट मुख्याध्यापकांच्या हाती दिले, त्यांची सही घेतली आणि जमा व वाटप यांचा हिशेब आम्हांला पाठविला. तो आम्ही सूचनाफलकावर लावला. आमच्या मुलांनी रविवारचे गोड जेवण सोडून पैसे दिले होते. त्यांना हिशेब कळणे हा त्यांचा हक्क होता.

आंबेडकरी चळवळीला ही रीत नवी नाही. 20 जुलै 1924 रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात गरीब विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, कारण शिकणाऱ्याच्या अन्नवस्त्राची सोय हा चळवळीचाच भाग मानला गेला. धारवाडच्या वसतिगृहात अनुदान न आल्याने मुले उपाशी असल्याचे समजताच माता रमाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आजही आदराने सांगितली जाते. त्यांनी आधी चौकशी केली, मग दिले. हा क्रम महत्त्वाचा आहे.

दान ही दहा पारमितांपैकी एक. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दुसऱ्याच्या हितासाठी देणे, असा तिचा अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. छायाचित्र, फलकावरील नाव आणि घेणाऱ्याची झुकलेली मान यांची अपेक्षा हीसुद्धा परतफेडीचीच अपेक्षा होय. करुणेने आपण दुःखिताकडे वळतो; मैत्रीने त्याच्या बरोबरीने बसतो. धम्माला केवळ करुणा पुरेशी वाटत नाही, मैत्रीही हवी असते.

ही स्मरणिका वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनो, पूर, दुष्काळ, भूकंप पुढेही येतील. तेव्हा प्रथम विचारा, मोजा, सुटलेल्यांना शोधा, मग द्या आणि हिशेब ठेवा. तो दहावीचा मुलगा पुढच्या आठवड्यात शाळेत आला. त्याची पुस्तके मुख्याध्यापकांनी वर्गात सर्वांबरोबर त्याच्या बाकावर ठेवली होती. तो परीक्षेला बसला. आमच्या विद्यार्थिनीने आम्हांला कळविलेली शेवटची नोंद हीच होती.

जय भीम! नमो बुद्धाय!