बर्फावरच्या जुन्या गाड्या आणि त्यांचे मिस्त्री

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. बर्फाशी आपला संबंध गोळ्याच्या गाडीपुरता. अशा गावात बर्फावर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण त्या यंत्राचे पाय आपल्या ओळखीचे आहेत. उमरेडच्या कोळसा खाणीत डोझर चालताना ज्यांनी पाहिला, त्यांनी ते पाहिले आहेत. चाकांऐवजी चेन. वजन मोठ्या जागेवर पसरते, म्हणून धूड चिखलात रुतत नाही. अमेरिकेत बेंजामिन हॉल्ट याने १९०४ साली कॅलिफोर्नियातल्या दलदलीच्या शेतांसाठी असा ट्रॅक्टर चालवून पाहिला. चिखलाला जे लागू, तेच भुसभुशीत बर्फाला.

मात्र बर्फावरच्या गाडीच्या जन्मामागे एका बापाचे दुःखही आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, वॅलकोर्ट नावाच्या गावी जोसेफ-आर्मांड बोम्बार्दिए हा गॅरेज चालवत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बंद होते, इस्पितळ गाठता आले नाही आणि मूल गेले. बर्फावरच्या गाडीचे प्रयोग तो आधीपासून करीत होताच. त्यानंतर त्याने ते तडीस नेले. दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या जोडणीचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले आणि सात माणसांची गाडी तयार झाली. पुढे अशा गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेले, शाळेची मुले गेली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड कसे जगापासून तुटते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गाडीचे मोल वेगळे सांगायला नको.

याच कुळातले एक यंत्र म्हणजे बर्फ सारखा करणारे. स्कीइंगच्या उतारांवर दिवसभर माणसे घसरतात, खड्डे आणि उंचवटे होतात. रात्री हे यंत्र निघते. पुढचे पाते उंचवटे कापते, मागचा फिरता दांडा ढेकळे फोडतो आणि सर्वांत मागची फणी पृष्ठभाग सारखा करते. आपल्या शेतकऱ्याला हे ओळखीचे वाटेल. नांगरटीनंतर वखर फिरवावा तसेच. बर्फ दाबला की त्यातली हवा निघते, कण एकमेकांना चिकटतात, आणि तो घट्ट व्हायला काही तास लागतात. म्हणून हे काम रात्रीचे. सकाळी उतारावर येणाऱ्यांना अंगण सारवलेले दिसते. सारवणारा दिसत नाही. आपल्याकडे गुलमर्ग आणि औलीच्या उतारांवरही अशी यंत्रे आली.

या यंत्रांची जुनी पिढी आज हौशी लोकांच्या अंगणात आहे. ओरेगॉनमधल्या मेडफर्डची टकर कंपनी १९४० च्या दशकापासून चार स्वतंत्र पट्ट्यांची 'स्नो-कॅट' बनवते. युटातली थायोकोल कंपनी तर एकीकडे रॉकेटची इंजिने करी आणि दुसरीकडे बर्फावरच्या गाड्या. तिचा हा विभाग १९७८ साली मोटारवाल्या जॉन डीलोरियनकडे गेला आणि २००० साली तो कारखाना बंदच झाला. यंत्रे मात्र राहिली.

अशी साठ-सत्तरच्या दशकातली गाडी बाळगणे म्हणजे म्हातारी म्हैस पाळण्यासारखे आहे. दूध थोडे, लक्ष फार. इंजिन बहुधा एखाद्या मोटारीचे असते, त्याचे भाग मिळून जातात. खरी अडचण चेनची. रबर तडकते, आडव्या पट्ट्या वाकतात, त्या पकडणारे बोल्ट एकेक करून ढिले होतात. बऱ्याच गाड्यांना स्टिअरिंगचे चाक नसते, दोन दांडे असतात. डावा ओढला की डाव्या बाजूची चेन मंदावते आणि गाडी डावीकडे वळते. आतले ब्रेकचे पट्टे झिजले की गाडी वळेनाशी होते. कारखाना बंद, तेव्हा भाग आणायचे कुठून? दुसरी मोडकी गाडी विकत घेऊन तिचे अवयव काढायचे, नाही तर लेथवर करून घ्यायचे. आणि डोंगरात दूर जायचे तर एकट्याने जायचे नाही. गाडी बंद पडली, तर परतीची वाट पायीच आहे.

यंत्र आणि मिस्त्री यांची ताटातूट झाली की काय होते, याचा दाखला दक्षिण ध्रुवाच्या इतिहासात आहे. कॅप्टन स्कॉटने १९१० च्या मोहिमेत तीन मोटार-स्लेज नेल्या. त्या घडवण्यात आणि तपासण्यात रेजिनाल्ड स्केल्टन या अभियंत्याचा मोठा हात होता. पण हुद्द्याच्या मानापमानात त्यालाच मोहिमेतून वगळले गेले. एक स्लेज उतरवतानाच बर्फ फोडून समुद्रात बुडाली. उरलेल्या दोन १९११ साली ध्रुवाच्या वाटेवर थोड्याच दिवसांत बंद पडल्या. स्केल्टन असता तर त्या चालल्याच असत्या, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. पण त्यांना सर्वांत जवळून ओळखणारा माणूस तिथे नव्हता, हे खरे.

पुढे १९५७-५८ साली व्हिव्हियन फुक्स यांनी अंटार्क्टिका खंड आडवे ओलांडले, ते टकरच्या स्नो-कॅट घेऊन. सोबत डेव्हिड प्रॅट आणि रॉय होमार्ड हे अभियंते होते. हिमभेगांवर लटकलेल्या गाड्या ओढून काढत, उघड्या थंडीत दुरुस्त करत, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास ९९ दिवसांत झाला आणि चार स्नो-कॅट पलीकडे पोचल्या. त्याच मोहिमेत एव्हरेस्टवीर हिलरी समोरच्या बाजूने फर्ग्युसन ट्रॅक्टरवर ध्रुवापर्यंत गेले. चेन चढवलेला साधा शेतीचा ट्रॅक्टर! मॅसी फर्ग्युसन हे नाव विदर्भातल्या बांधावरही परके नाही.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली. आज या मोहिमांचा कारभार वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. 'मैत्री' हे आपले केंद्र बर्फाच्या काठापासून बरेच आत आहे. जहाजावरचे इंधन आणि सामान तिथे स्लेजवर लादून नेतात, आणि त्या ओढणाऱ्या 'पिस्टेनबुली' गाड्या मुळात स्कीच्या उतारांसाठी जर्मनीत घडलेल्या. उतार सारवणारे यंत्र इथे हमाल झाले आहे. शास्त्रज्ञांची नावे वर्तमानपत्रात येतात. गाडीखाली पाठीवर झोपून बोल्ट आवळणाऱ्याचे सहसा येत नाही.

नागपुरात मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथली इंजिने मुलांना दाखवताना आपण सन सांगतो, वजन सांगतो. ती चालवणारे हात मात्र एकेक करून कमी होत आहेत. छिंदवाड्याची छोटी गाडीही २०१५ साली थांबली. लोखंड रंगवून ठेवता येते. कोणत्या आवाजाला कुठला बोल्ट ढिला, हे ज्ञान रंगवून ठेवता येत नाही. ते शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. आपल्या गल्लीत जुनी लूना, जुनी चेतक जिवंत ठेवणारा एखादा मिस्त्री असेल. सुटीच्या दिवशी मुलांना तासभर त्याच्याजवळ बसवावे. हात काळे होतील, पण ते साबणाने निघते.